खाली केलेली गाडी

सीटची उंची जमिनीपासून साडेएकतीस इंच होती. बहिणीच्या पायाचं माप, टाचेपासून जांघेपर्यंत, सव्वीस. दोन्ही मापं मी शिंप्याच्या टेपने घेतली, आधी गाडीचं आणि मग बहिणीला भिंतीला पाठ लावून उभी करून तिचं. फरक साडेपाच इंचांचा. गाडीवर बसल्यावर तिचे दोन्ही पाय हवेत राहत. गाडी एका बाजूला कलवली की त्या पायाची बोटं जमिनीला लागत, पण तोवर गाडीचं सगळं वजन त्याच बाजूला आलेलं असे.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. उंची चार फूट नऊ इंच. ती कंत्राटी नर्स होती, घाटंजीच्या पुढे एका उपकेंद्रावर. कंत्राट अकरा महिन्यांचं. अकरा महिने संपले की यादी लागे, आणि यादीत नाव असेल तर पुढचे अकरा महिने. तिच्याकडे पाच गावं होती. प्रत्येक गावात महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, लहान मुलांना लस टोचण्याचं सत्र. चार गावं डांबरी रस्त्यावर होती. पाचवं डांबर संपल्यावर तीन किलोमीटर आत होतं आणि तिथे मातीचा बैलरस्ता जाई. एस.टी. डांबराच्या टोकापर्यंत साडेनऊला पोचायची. गावातल्या बायका नऊला वावरात जायच्या, आणि अंगावरची पोरं सोबत न्यायच्या. म्हणजे बस वेळेवर आली तरी सत्र होत नव्हतं.

तिच्या साहेबांनी मार्चमध्ये बैठकीत सांगितलं होतं की ज्यांची सत्रं बुडाली त्यांचं नाव नव्या यादीत धरलं जाणार नाही. वाहन ज्याचं त्याने पाहावं. एवढ्यावरून गाडीचा विषय घरात निघाला.

गाडी, म्हणजे मोटारसायकल, वडिलांची होती. वडील कचेरीत कारकून होते, निवृत्त झाले, नंतर गुडघे गेले. गाडी यवतमाळच्या घरामागे पत्र्याखाली उभी असे. दर रविवारी ते ती पुसत आणि किक मारून पाच मिनिटं चालू ठेवत. त्यांची उंची सहा फुटांना एक इंच कमी.

"स्कूटी घेऊन दे तिले," ते मला म्हणाले.

"स्कूटीचं चाक लहान असते बाबा," बहीण म्हणाली. "तिथल्या चाकोरीत शिरलं का निघतच नाही. तिथल्या आशाताईची पाह्यली ना मी. दोन माणसं लागतात काढाले."

"मंग हे गाडी तुले झेपते का? हे माह्या मापाची हाय."

"मापाची करून घेऊ."

वडिलांनी गाडीकडे पाहिलं. "कापू नका म्हणजे झालं," ते म्हणाले आणि आत गेले. त्यांनी नाही म्हटलं नाही.

मी तेव्हा यवतमाळच्या एका दैनिकात डेस्कवर होतो. कापसाचं पान माझ्याकडे होतं. त्यात बाजारातली आवक, भाव, खरेदी केंद्रांवरच्या रांगा हे असे, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात एक चौकट. त्या वर्षांत जिल्ह्याच्या गावागावांतून ज्या एका प्रकारच्या बातम्या रोज येत, त्या या चौकटीत जात. चौकटीचा आकार ठरलेला होता. बातम्या जास्त आल्या तर अक्षर बारीक करायचं, चौकट वाढवायची नाही, अशी सूचना होती. सकाळी मी मोकळा असे, म्हणून गाडीचं काम माझ्यावर आलं.

लोहाऱ्याच्या रस्त्यावर, कारखान्यांच्या वसाहतीच्या अलीकडे, एक मिस्त्री होता. पन्नाशीचा, हात काळे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याने बहिणीला गाडीवर बसायला सांगितलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं.

"ताई, गाडी तर बराबर हाय. कमी पडून राह्यलं ते तुमच्याकडून."

"मंग मलेच दोन इंच जोडून द्या."

"ते काम आपल्याकडे होत नाही. वरच्याकडे जा लागते." त्याने वर बोट दाखवलं, आणि हसला नाही.

मग त्याने खडूने गाडीवर तीन ठिकाणी खुणा केल्या. पहिली खूण सीटवर: आतला फोम कापायचा, पुढून अरुंद करायचा, म्हणजे मांड्या फाकत नाहीत आणि पाय सरळ खाली जातो. दुसरी मागच्या शॉकअपवर: ते काढून भंगारातल्या एका बुटक्या गाडीचे बसवायचे. तिसरी पुढच्या फोर्कवर: त्याच्या नळ्या पकडीतून दीड इंच वर सरकवायच्या, म्हणजे तोंड तेवढं खाली येतं. गाडी खाली आली की साईड स्टँड लांब पडतो आणि गाडी उभी राहण्याऐवजी पलीकडे पडते, म्हणून तोही कापून पुन्हा झाळायचा. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. असं काम त्याने पूर्वी दोनदा केलं होतं, दोन्ही वेळा शहरातल्या माणसांसाठी.

फोमचं काम मिस्त्री करत नसे. त्यासाठी त्याने आम्हाला सीट काढून कुशनवाल्याकडे पाठवलं. कुशनवाल्याचं दुकान कापूस बाजाराच्या फाटकासमोर. मे लागला होता, तरी त्या वर्षी खरेदीची मुदत वाढवल्यामुळे फाटकाबाहेर बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आणि ट्रॅक्टर उभे होते. आमच्याकडे बंडीतला कापूस उतरवून घेण्याला गाडी खाली करणं म्हणतात. त्या हंगामात बाजारात एकमेकांना विचारायचा प्रश्न तेवढाच होता: गाडी खाली झाली का?

मी सीट फळीवर ठेवली आणि म्हणालो, "गाडी खाली करायची आहे."

कुशनवाला मान वर न करता म्हणाला, "लायनीत लागा भाऊ. पाच दिवस झाले, समोरच्याच खाली नाही झाल्या."

बाकावर एक बंडीवाला बसला होता. तो म्हणाला, "अबे, सीट आणली त्यायनं. कापूस नाही आणला."

"माह्या गाडीत कापूस नाही भाऊ," बहीण म्हणाली. "मीच हाय तेवढी."

"मंग लवकर खाली होते तुमची," बंडीवाला म्हणाला. "ग्रेडर प्रत पाह्यत नाही न काही नाही."

दुकानात सगळे हसले. बंडीवालाही हसला आणि पुन्हा फाटकाकडे पाहत बसला. सीट दीड तासात झाली. आम्ही निघालो तेव्हा तो तिथेच होता.

संध्याकाळी मिस्त्रीने गाडी बाहेर काढली. मी पुन्हा टेप लावली. सत्तावीस इंच. बहीण बसल्यावर गाडी अजून इंचभर दबली आणि तिचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले. मिस्त्री खाली बसला आणि त्याने मागच्या चाकाचा टायर आणि वरचा मडगार्ड यांच्यामधल्या फटीत बोटं घालून पाहिली. आधी तिथे चार बोटं शिरत होती. आता दोन. त्याने मागे दोन माणसं बसवली, गाडी खड्ड्यातून नेऊन आणली, पुन्हा वाकून पाहिलं.

"घासत नाही," तो म्हणाला. "बिनधास्त जा."

मी मापं लिहिलेल्या कागदावर तेही लिहिलं. घासत नाही.

चूक तिथे झाली. ती आम्हा चौघांची होती, वडिलांसकट. मिस्त्री डांबरावरचा माणूस. वडिलांनी आयुष्यभर गाडी घर ते कचेरी चालवली. बहीण त्या गावात जात होती, पण पावसाळ्यात ती तिथे पायीच गेली होती, गाडी घेऊन नाही. मी कापसाचं पान लावत होतो. काळ्या जमिनीत कापूस होतो हे त्या पानावर कितीदा छापून आलं असेल. आमच्यापैकी कोणाच्या नावावर वावर नव्हतं. मे महिन्यात ती जमीन दगडासारखी असते, भेगा पडलेली, आणि तिच्यावरून चाक गेलं तर धूळ उडते. आम्ही मे महिन्यात मोजलं.

बहीण घरासमोरच्या मैदानावर सकाळी गाडी शिकली. वडील खुर्ची घेऊन बसत. तिसऱ्या दिवशी ती वळणावर दचकून थांबली तेव्हा म्हणाले, "ब्रेक कायले दाबतं वं? वळू दे तिले." चौथ्या दिवशी त्यांनी खुर्ची आणली नाही. पंधरा दिवसांनी ती गाडी घेऊन घाटंजीला गेली. तिथे तिने खोली घेतली होती आणि रविवारी घरी यायची.

मेचं राहिलेलं सत्र आणि जूनचं सत्र झालं. साडेसातला आरोग्य केंद्रातून लसीचा निळा डबा घ्यायचा, आठ वीसला गावात. समाजमंदिराच्या ओट्यावर बायका पोरं घेऊन बसलेल्या असत. गाडी पाहून पहिल्या दिवशी त्यांनी तिला घेरलं.

"नर्सबाई, गाडीले पाणी कमी पडलं का वं? वाढलीच नाही."

"मागच्या सालच्या कपाशीच्या पऱ्हाटीवानी हाय. मांडीपर्यंत आली न थांबली."

"बोंड तरी लागलं का?"

"बोंड म्हणजे हे बाईच."

हे तिने रविवारी घरी नकला करून सांगितलं. वडील डोळे पुसेपर्यंत हसले. त्या दोन महिन्यांत तिच्या वहीत पाचव्या गावासमोर दोन बरोबरच्या खुणा झाल्या. त्याआधीच्या तीन महिन्यांत एकही नव्हती.

जुलैच्या सत्राच्या दिवशी मी तिथे नव्हतो. पुढचं तिने सांगितलं, आणि नंतर मी तो रस्ता चालून पाहिला.

आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला होता. डांबर संपलं तिथून पाचशे पावलांवर मागचं चाक जड झालं. ओली काळी माती टायरला चिकटते, चाकाबरोबर वर जाते आणि मडगार्डखाली साठते. चार बोटं जागा असेल तर बरीचशी गळून पडते. दोन बोटं असेल तर दाबली जाते. थोड्या अंतरात चाक फिरायचं थांबलं आणि गाडी घसरगुंडीवरून घसरावी तशी सरकू लागली. तिने उतरून पऱ्हाटीच्या काडीने माती उकरली. शंभर पावलं गेली. पुन्हा चाक बसलं. पोटाखालचा मधला स्टँड चाकोरीच्या मधल्या वरंब्यात रुतला होता, तोही मोकळा करावा लागला. सहाव्या वेळी तिने गाडी बांधाला टेकवली, डबा खांद्याला लावला आणि चालू लागली. चपलेला चिकटलेली माती किलोभर झाली तेव्हा चपला हातात घेतल्या.

ती दहा वाजून दहा मिनिटांनी ओट्यावर पोचली. ओटा रिकामा होता. त्या वर्षी पहिली टोबणी, म्हणजे हाताने बी टोचून केलेली पेरणी, मोडली होती, कापसाचं बी उगवलं नव्हतं, आणि सगळीकडे दुसरी टोबणी चालू होती. बायका नऊपर्यंत थांबल्या होत्या, नेहमीपेक्षा जास्त नाही आणि कमी नाही.

पानठेल्यावर एक म्हातारा होता. तो म्हणाला, "गाडी कुठी ठेवली बाई?"

तिने सांगितलं.

"आमी पावसाळ्यात मडगार्ड खोलून ठेवतो. शॉकप उंच करतो. तुमी खाली काहून केली?"

"पाय पुरत नाही बाबाजी."

म्हातारा तिच्या पायांकडे पाहून म्हणाला, "मंग अवघड हाय."

महिन्याच्या अहवालात न झालेल्या सत्राचं कारण लिहायची जागा नव्हती. तीन रकाने होते: लस उपलब्ध नाही, लाभार्थी गैरहजर, कर्मचारी गैरहजर. त्यांतल्या एकावर खूण करायची. लस खांद्यावर होती. लाभार्थी नऊपर्यंत हजर होते. ठरलेल्या वेळी हजर नव्हती ती फक्त तीच. तिने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "रस्ता हा रकाना नाही ना मॅडम. मी कुठून आणू?" ते चिडून बोलले नव्हते, असं तिने सांगितलं. खूण तिसऱ्या रकान्यात झाली.

त्या रविवारी तिने जेवताना हे सगळं क्रमाने सांगितलं. वडील म्हणाले, "मले वाटलं तुमी सगळं मोजलं असन." ते माझ्याकडे पाहून म्हणाले. मी मापांचा कागद काढून पाहिला. त्यात पावसाळ्याबद्दल काही नव्हतं.

आम्ही गाडी पुन्हा मिस्त्रीकडे नेली. आमचे मूळ शॉकअप त्याने दुसऱ्या कोणाच्या गाडीला बसवले होते. त्याने त्याच मापाचे दुसरे शोधून घातले, मागचा मडगार्ड निम्मा कापला, फोर्कच्या नळ्या खाली ओढल्या. कापलेला फोम तसाच राहिला, तरी सीट साडेएकोणतीसवर गेली. बहीण बसली. तळवे पुन्हा सुटले. फक्त चवडे टेकत होते, आणि तेही दोन्ही एकदम नाही.

"मधलं काही जमत नाही का?" मी विचारलं.

मिस्त्रीने चष्मा कपाळावर घेतला. "भाऊ, चिखलात चालवाची तर उंच पाह्यजे. ताईले चालवाची तर बुटकी पाह्यजे. मी दोन्ही गाड्या करून देतो. पण एक गाडी दोन्ही नाही होत."

ऑगस्टच्या सत्राला ती उंच केलेल्या गाडीवर गेली. चाक फिरत राहिलं. कापलेल्या मडगार्डमधून चिखल तिच्या पाठीवर आणि डब्यावर उडत होता. सव्वा किलोमीटरवर पुढचं चाक चाकोरीतून वर चढताना गाडी थांबली. तिने पाय टाकला तिथे चाकोरी होती, म्हणजे जमीन आणखी सहा इंच खाली. गाडी तिच्यावर पडली. सायलेन्सर पोटरीला लागला. वावरातून दोन माणसं येईपर्यंत ती गाडीखाली होती. डब्याचं झाकण उघडलं होतं आणि बर्फाच्या पिशव्या चिखलात पडल्या होत्या. ती लस त्या दिवशी कोणाला देता येणार नव्हती. खूण तिसऱ्या रकान्यात.

सप्टेंबरला तिने गाडी डांबराच्या टोकाला ठेवली आणि सरळ चालत निघाली. भाजलेल्या पोटरीला पट्टी होती. लसीचा डबा साडेसातच्या आधी मिळत नव्हता. आदल्या संध्याकाळी घरी नेऊन ठेवायची परवानगी नव्हती, आणि ते बरोबरच होतं, कारण खोलीवर वीज रोज सहा-आठ तास जायची. डांबरापर्यंत गाडीने आठ वाजून पाच. तिथून तीन किलोमीटर, त्या चिखलात, त्या पायाने, एक तास पस्तीस मिनिटं. ती नऊ चाळीसला पोचली. तिसरी खूण.

तिने गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईकडून निरोप पाठवून पाहिला होता की बायकांनी दहापर्यंत थांबावं. निंदण चालू होतं. उशिरा गेलेल्या बाईची जागा बांधावर दुसरी घेते. निरोपाला कोणी नाही म्हटलं नाही. थांबलंही कोणी नाही.

ऑक्टोबरला रस्ता वाळला आणि सत्र वेळेवर झालं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला माझ्या टेबलावर एक प्रसिद्धिपत्रक आलं. लसीकरण सत्रांना वारंवार गैरहजर राहणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना पुढील आदेश दिले जाणार नाहीत, असं त्यात होतं. नावं नव्हती, संख्या होती, तालुके होते. घाटंजीसमोर एक. आमच्या दैनिकाचा नियम होता की पत्रकातला मजकूर आवश्यक तेवढा छोटा करावा, त्यात आपलं काही घालू नये. मी ते सात ओळींवर आणलं. 'वारंवार' हा शब्द ठेवू की काढू, यावर काही मिनिटं गेली. तीनदा म्हणजे वारंवार का, हे पत्रक पाठवणाऱ्या कार्यालयाला फोन करून विचारता आलं असतं. शब्द ठेवला. पान सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी ती बातमी मोठ्याने वाचली. ते रोज सगळं मोठ्याने वाचत. बहीण घरी होती, तिची यादी आदल्या दिवशी लागली होती.

"हे तूच लिहिलं का दादा?" तिने विचारलं.

"आलेलं लहान केलं."

"बरोबर लिहिलं हाय," ती म्हणाली. "एकच होती घाटंजीत." ती चिघळलेल्या पोटरीवरची पट्टी बदलायला आत गेली.

डिसेंबरपासून ती शहरातल्या एका खासगी दवाखान्यात लागली. दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तिथे ती इंजेक्शनं देते आणि रांगेतल्या लोकांना नंबर सांगते. गाडी पुढच्या वर्षी ओळखीच्या एकाने नेली. पाचव्या गावाची जागा वर्षभर रिकामी राहिली. अहवालात रिकाम्या जागेला काय खूण करतात ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मला चौकटीतल्या एका बातमीसाठी त्या भागात जावं लागलं. परतताना डांबराच्या टोकाला बसची वाट पाहत उभा होतो. पाचव्या गावची एक बाई तिथे होती. कडेवर दीड वर्षांचं पोर. मी शहरातून आलो हे तिला कपड्यांवरून कळलं असावं.

"भाऊ, तुमी दवाखान्याचे का?"

"नाही. पेपरचा."

"मंग सायबाले सांगा नं. नर्स येतच नाही आता. ते बुटकी बाई होती ते बरी होती. काहून सोडून गेली ते?"

"सोडून नाही गेली. काढलं तिला."

"काहून?"

"ती येत नव्हती म्हणून."

बाईने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "कोण म्हणते? आलती ना. तीनही डाव आलती. आमी टोबत होतो, मी वावरातून पाह्यली तिले. डबा खांद्यावर, चपला हातात, डोक्यापर्यंत चिखल. सासूले म्हटलं, आत्या, नर्सबाई चालली पाहा. सासू म्हणे, तास सोडू नको, ओळ पुरी कर." तिने रस्त्याकडे हात केला. "ते आलती भाऊ. आमीच नव्हतो."

बस आली. ती पोराला घेऊन पुढच्या दाराने चढली, मी मागच्या.